आत्यानं वाचवलेलं दूध

“त्याला सांग, हॉर्न वाजवून घाट सरत न्हाई,” सगुणाआत्या म्हणाली.

मी पुढे वाकून कदिरला सांगितलं, कदिरनं ते ड्रायव्हरला तमिळमध्ये सांगितलं आणि ड्रायव्हरनं उत्तरादाखल आणखी एकदा हॉर्न वाजवला. पुढच्या प्रत्येक वळणावर गाड्याच गाड्या. पोंगलची सुट्टी लागली होती आणि अर्धा दक्षिण देश मुन्नार बघायला निघालेला. बसच्या टपांवर उसाच्या मोळ्या होत्या, खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती आणि आमच्या मागच्या जीपमधलं कुणीतरी दर वळणाला उतरून ओकत होतं. आत्या मात्र ताठ बसली होती. मांडीवर पेढ्यांचा पितळी डबा आणि डब्यावर दोन्ही हात.

“तो डबा मागे ठेवू का, आत्या?” कदिरनं विचारलं. “तुमचा मांडी दुखेल.”

“तुमची मांडी,” आत्या म्हणाली. “आणि न्हाई दुखत.”

कदिरनं पुढे केलेला हात मागे घेतला. बँकेतल्या नोकरीत तो मराठी शिकला होता, कर्जाचे अर्जसुद्धा मराठीत भरून द्यायचा, पण बाई आणि पुरुष यांची क्रियापदं काही त्याला वश झाली नाहीत. आज भीतीनं ती जास्तच बिघडली होती.

त्या डब्यावर माझं सगळं ठरायचं होतं. कदिर मुन्नारच्या चहामळ्यातला तमिळ मुलगा, साताऱ्याच्या बँकेत अधिकारी होता आणि आमच्या दुकानाचं खातं त्याच बँकेत होतं. खात्यापासून सुरुवात झाली आणि गोष्ट लग्नापर्यंत आली. मी घरी सांगितलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून बसली आणि माझे वडील, दादा, म्हणाले, “अक्का म्हणंल ते.” अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सगुणाआत्या. विसाव्या वर्षाच्या आत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आमच्या पेढ्यांच्या भट्टीपुढे जी बसली ती बसलीच. निम्म्या साताऱ्याच्या बारशांचे आणि साखरपुड्यांचे कंदी पेढे तिच्या हातचे. मला तिनंच वाढवलं म्हणायचं. कढईजवळच्या पोत्यावर बसून मी पाढे पाठ केले. तिच्या मनाविरुद्ध लग्न करायचं नाही, एवढं मी स्वतःशी पक्कं केलं होतं आणि कदिरलाही सांगून टाकलं होतं. त्याची बदली तोंडावर आलेली.

आत्यानं चार दिवस विचार केला आणि मग निकाल दिला.

“मुलगा बगितला. आता घर बगते. पेढ्याचा डबा घिऊन जाते. पटलं तर तितं उघडीन, न्हाई पटलं तर तसाच परत आणीन. परत आला तर ह्या घरात त्याचं नाव काडायचं न्हाई. आणि ठरंपर्यंत त्यांच्या घरचं पाणीसुद्दा घ्यायचं न्हाई. कबूल?”

“कबूल. पण संक्रांत तोंडावर आलीय, आत्या.”

“म्हणून तर. घरात हळदीकुंकवाची गर्दी हुणार. मला तितं काय काम? चल, तवाच जाऊ.”

गावात आम्ही सहलीला चाललोय असं सांगितलं. म्हणून सहल करणं भाग होतं. खोटं बोलायचं तर तेही आत्याला नीट लागायचं.

त्यामुळे घाट संपल्यावर आम्ही आधी मुन्नार बघितलं. म्हणजे मुन्नार बघायला आलेली माणसं बघितली. धरणावर बोटीसाठी जत्रेसारखी रांग होती. रस्त्याच्या कडेला पाल्यासकट गाजरांच्या जुड्या मांडलेल्या, आणि एके ठिकाणी पाठीवर चहाची टोपली अडकवून फोटो काढून घ्यायची सोय होती. नव्या नवऱ्या टोपली लावून हसत उभ्या राहत होत्या. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग समोर पसरलेल्या डोंगरांकडे. एकावर एक हिरवे डोंगर, आणि चहाच्या झुडपांमधून गेलेल्या पायवाटा, कुणी फणीनं भांग पाडावेत तशा.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“देवानं एवढी हिरवळ दिली,” आत्या म्हणाली, “आणि एक म्हैस न्हाई!”

कदिर हसला. आत्या हसली नव्हती, म्हणून त्यानं हसणं आवरलं.

तसं आत्याचं चहाशी जुनं वैर होतं. लोक चहात घालायला दूध नेतात म्हणून भट्टीला दूध कमी पडतं, असा तिचा हिशेब. स्वतः ती चहाला शिवत नसे. आणि नियतीनं तिची भाची नेऊन बांधायची ती नेमकी चहाच्या मळ्यात!

दुपार कलली तेव्हा आम्ही लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसानं कदिरचं बोलणं ऐकून घेतलं, दोन्ही हात जोडले आणि पुष्कळ वेळ तमिळमध्ये बोलला. कदिरचा चेहरा उतरत गेला.

“काय म्हणतोय?” आत्यानं विचारलं.

“आपला खोली त्यानं दुसऱ्यांना दिला. गर्दी फार आहे. गावात कुठेच खोली नाही.” त्यानं मान खाली घातली. “मी दोन दिवस आधी येऊन बसलो असतो, तर...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” आत्या म्हणाली. “आता काय करायचं ते बोला.”

काय करायचं ते उघड होतं, पण बोलायचं धाडस कुणाला होईना. शेवटी आत्याच उठली. “चला तुमच्या घरी. टेकायला जागा दिली म्हणजे काय पाणी प्यालं असं न्हाई.”

कदिरचं घर मळ्यातल्या मजुरांच्या चाळीत होतं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक अशा चाळी, प्रत्येक घराला दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं लहानसं अंगण. त्या दिवशी भोगी होती. तिथेही भोगी असते, पण ते लोक जुनं-पानं जाळून घर स्वच्छ करतात. सगळ्या उतारावर धूर होता आणि ताज्या चुन्याचा वास. कदिरची आई वल्लियम्मा दारातच उभी होती. काळीसावळी, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तिनं वाकून आत्याचे पाय धुवायला तांब्या पुढे केला. पाय धुणं म्हणजे पाणी पिणं नव्हे, असं ठरवून आत्यानं पाय धुऊन घेतले.

आत भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो होता.

“हे वडील?” आत्यानं विचारलं.

“हो. मी चौथीत होतो तेव्हा गेले. मग आईनं पानं तोडून शिकवलं.”

आत्या फोटोकडे बघत राहिली, मग वल्लियम्माच्या हातांकडे. चहाच्या पानांच्या चिकानं तिची बोटं कायमची काळी पडली होती. वल्लियम्मानंही आत्याच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत खव्याच्या चटक्यांचे ठिपके. दोघी बोलणार तरी कुठल्या भाषेत?

वल्लियम्मानं पितळी पेल्यातून बिनदुधाचा काळा चहा आणला. आत्यानं हात जोडले. भात आणला, आत्यानं पुन्हा हात जोडले आणि आपल्या पिशवीतली दशमी सोडली. सोबत घरच्या पाण्याची बाटली होती, दोन घोट उरलेली. “जो न खाई भोगी, तो सदा रोगी,” असं मला ऐकवून ती कोरडी दशमी चावत बसली. वल्लियम्मानं पेला उचलला नाही, तिच्याजवळच ठेवून दिला. तो तसाच गार झाला. कदिर माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

सकाळी उठले तर अंगणाच्या कडेच्या गवतावर हिमाची पांढरी साय होती. तोंडातून वाफ निघत होती. पण सगळी चाळ जागी. दर अंगणात तांदळाच्या पिठाची भली मोठी रांगोळी, दाराला बांधलेले ऊस, आणि तीन दगडांच्या चुलीवर एकेक भांडं. भांड्याच्या गळ्याला हळदीचं रोप पानांसकट बांधलेलं. वल्लियम्मा न्हाऊन नवं लुगडं नेसली होती. तिनं भांड्याला हळद लावली, हात जोडले, चूल पेटवली आणि दूध ओतलं. आत्या ओट्यावर शाल गुंडाळून बसली होती आणि डोळ्यांत तेल घालून बघत होती.

“हे सगळं हीच करती?” तिनं मला हळूच विचारलं.

“दुसरं कोण करणार?”

“हं,” आत्या म्हणाली. मग दुधाकडे बघून, “गाईचं हाय. पातळ. भसकन वर यील.”

मी वेणी घालायला आत गेले. कदिर खालच्या चाळीतून ऊस आणायला गेला होता. सूर्य अजून समोरच्या डोंगराआड होता, पण वरच्या चाळींवर ऊन पोचलं होतं. तिथून एकेक आरोळी ऐकू यायला लागली आणि मागोमाग बायकांचा जीभ हलवून काढलेला लांबच लांब आवाज.

“कुणाची तरी भांडणं लागली बग,” आत्या बाहेरून म्हणाली.

मी उत्तर देणार होते, पण तोंडात रिबीन होती.

पुढचं मी दारातून बघितलं. दूध फुगत फुगत भांड्याच्या काठाशी आलं होतं. वल्लियम्मा भांड्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून हात जोडून उभी होती. शेजारणीही तशाच. भांड्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि साय काठावर आलेली! आत्याच्या अंगात जन्मभराची भट्टी संचारली.

“गेलं, गेलं, गेलं!” ती ओरडली. ओट्यावरून तिनं उडी मारली, दोन हातांनी दोन जळती लाकडं चुलीतून ओढली आणि शेजारचा तांब्या उचलून सगळं गार पाणी दुधात ओतलं.

दूध खाली बसलं.

“वाचलं गं बाई!” आत्या म्हणाली. हातातलं लाकूड धुमसत होतं आणि तोंडावर असा आनंद, की मला रडूच आलं. “सगळं वाया गेलं आसतं. एकीचंबी लक्ष न्हाई!”

वल्लियम्मा वळली. आजूबाजूच्या अंगणांतल्या बायका वळल्या. कदिर खांद्यावर ऊस घेऊन वाटेवरच थांबला. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“काय झालं?”

“आत्या,” कदिर म्हणाला, “ते उतू जायला पाहिजे होतं. पोंगल म्हणजेच उतू जाणं. आज सूर्याचा दिवस. दूध उतू गेलं की वर्ष चांगलं जातं. म्हणून तर सगळे...”

शेजारच्या अंगणात कुप्पायी म्हणून एक म्हातारी होती. ती मोठ्यानं काही म्हणाली नाही. आपल्या सुनेकडे वळून एकच शब्द म्हणाली, “अपशकुनम्.”

तमिळचं एक अक्षर न कळणाऱ्या माझ्या आत्याला तेवढं बरोबर कळलं.

तिनं लाकूड खाली ठेवलं. तांब्या पालथा पडला होता, तो उचलून सरळ ठेवला. आत गेली, पिशवी घेतली, डबा घेतला आणि चहाच्या झुडपांमधून वर रस्त्याकडे जाणाऱ्या पायवाटेनं चालू लागली. मी मागे धावले.

“आत्या, थांब. चूक झाली, एवढंच. सांगू त्यांना.”

“काय सांगणार? सुनंच्या घरची बाई आली आणि ऐन सणाला पाणी ओतून गेली. चल, गाडी बग.”

“पण तुला माहीत कसं नाही? आपल्याकडे रथसप्तमीला आई अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवते. उतू जाईपर्यंत बघत बसतात सगळ्या. तसंच आहे हे!”

आत्या थांबली. वळली.

“मला काय म्हाईत?” ती म्हणाली. “मी कवा होते तितं?”

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“सवाष्णींचं काम ते. मी भट्टीवर आसते. तुझ्या आईनं कदी ‘येऊ नका’ म्हटलं न्हाई, खोटं कशाला बोलू? पण मलाच कळतं की कुटं जायचं आणि कुटं न्हाई. लोकांच्या बारशाला माझे पेढे चालतात गं, मी चालत न्हाई. तुझ्या बारशालासुद्दा मी माळ्यावरनं बगितलं.” तिनं डबा काखेत घट्ट धरला. “हितं नवीन मुलूख, कुणाला काय म्हाईत न्हाई, म्हणून जरा पुढं हून बसले होते. तर आलंच की ते मागनं चालत. आता तुझ्यावर न्हाई आणायचं मला.”

इतकी वर्षं मी तिच्याजवळ पोत्यावर बसले होते आणि रथसप्तमीच्या सकाळी ती कुठे असते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात खालून वल्लियम्मा आली. तो चढ तिनं कसा चढला कोण जाणे. जन्म त्याच उतारावर गेलेला, तिला दमही लागला नव्हता. मागून कदिर मात्र धापा टाकत होता. वल्लियम्मानं आत्याचं मनगट धरलं आणि बोलायला लागली. रागावल्यासारखी, भराभरा.

“काय म्हणती?” आत्यानं विचारलं. हात सोडवून घ्यायला बघत होती, पण पानं तोडणारी ती बोटं सुटत नव्हती.

“आई म्हणतो,” कदिर म्हणाला आणि आत्यानं या वेळी त्याला दुरुस्त केलं नाही. “आई म्हणतो, अप्पा गेले त्या वर्षी पोंगलला कुप्पायी आमच्या दारात आली होती. म्हणाली, तू आता भांडं पेटवायचं नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. आई म्हणाला, मग माझ्या लेकराचं भांडं कोण पेटवणार? दूध काय माझं कपाळ बघून उकळतं? जाळ बघून उकळतं.”

आत्या वल्लियम्माकडे बघत राहिली.

“आसं म्हणाली?”

“हो.”

“त्या म्हातारीच्या तोंडावर?”

“तोंडावर. आणि पेटवलं. दर वर्षी पेटवतो.”

“आणि उतू जातंय?”

“दर वर्षी.”

वल्लियम्मानं आणखी काहीतरी म्हटलं आणि खालच्या चाळीकडे बोट केलं. ऊन डोंगरावरून उतरत होतं. वरची चाळ उजळली होती, मधली उजळत होती. आमची अजून सावलीत होती.

“म्हणतो, ऊन अजून आपल्या अंगणात आलं नाही. भांडं तेच, दूध तेच. पाणी तुम्ही घातलं ना? मग आता जाळ पण तुम्हीच घाला.”

आत्यानं उन्हाकडे बघितलं. मग भट्टीवर मोठी ऑर्डर आली की बघायची तसं चुलीच्या दिशेनं बघितलं, आणि पदर खोचला.

“धर,” म्हणून तिनं डबा माझ्या हातात दिला. “साहेब, लाकडं आणा. वाळकी. ती वली घातलीत म्हणून नुसता धूर हुतोय.”

उताराला पाय घसरत आम्ही खाली पळालो. कदिरनं घरामागून चहाच्या छाटणीची जुनी लाकडं आणली, बोटाएवढी, हाडासारखी वाळलेली. आत्यानं चूल मोडून पुन्हा रचली. दगड आत सरकवले, वाऱ्याच्या बाजूनं तोंड मोकळं केलं. वल्लियम्मानं फुंकणी दिली. आत्यानं फुंकर घातली आणि जाळ भांड्याच्या बुडाला जाऊन भिडला. वल्लियम्मा सवयीनं पळी घेऊन पुढे आली तर आत्यानं तिचा हात बाजूला केला.

“ढवळायचं न्हाई. ढवळलं की बसतं. उतू जाऊ द्यायचं नसलं की ढवळायचं.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “जन्मभर हीच तर राखण केली.”

मधल्या चाळीतून आरोळ्या यायला लागल्या. ऊन कुप्पायीच्या छपरावर आलं. तिचं भांडं उतू गेलं, तिच्या सुनेनं आरोळी ठोकली. आमच्या दुधात तांब्याभर पाणी. ते नुसतं थरथरत होतं. शेजारणी आपापली भांडी सोडून आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. कुप्पायीही आली. कदिरनं माझा हात धरला, भर अंगणात, आईसमोर, आणि सोडला नाही.

“चल,” आत्या दुधाला म्हणाली. “चल की. इतर येळी सांगावं लागत न्हाई तुला. जरा नजर हलली की लगेच पळतंस!”

ऊन वल्लियम्माच्या दारावरच्या उसाला लागलं. मग ओट्याला. मग रांगोळीच्या पहिल्या ठिपक्याला. भांड्याच्या कडेनं बारीक बुडबुडे धरले, मधे साय आली, सायीला सुरकुती पडली, आणि एकदम सगळं दूध वर उठलं. आत्याचा उजवा हात आपोआप लाकडाकडे गेला. तिनं डाव्या हातानं तो पकडला आणि छातीशी दाबून धरला. ऊन भांड्यावर आलं.

दूध आधी एका बाजूनं सांडलं, मग चहूबाजूंनी. हळदीची पानं भिजली, जाळ चर्र करून फुसफुसला, करपल्या दुधाचा वास सुटला. आमच्या भट्टीत ह्या वासाला शिव्या बसत. इथे सगळ्या बायकांनी एकदम गळा काढला. “पोंगलो पोंगल! पोंगलो पोंगल!” कुप्पायीची जीभ सगळ्यांत जोरात वाजत होती. म्हातारीचा काही भरवसा नाही.

आणि माझी आत्या नाचत होती. पदर खोचलेला, तोंडाला राख, डोळ्यांतून पाणी. “उतू गेलं! गेलं गं बाई, गेलं! बगितलं का, गेलं!”

वल्लियम्मा आतून सूप घेऊन आली. सुपात नवे तांदूळ होते. दूध उतू गेलं की त्यात पहिली मूठ घरातल्या मोठ्या बाईनं घालायची. तिनं सूप आत्यापुढे धरलं.

आत्याचा नाच थांबला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“माझ्या हातानं?” तिनं विचारलं. मराठीतच, पण वल्लियम्मा कदिरच्या भाषांतरासाठी थांबलीच नाही. तिनं आत्याचा हात पाठीमागून ओढून पुढे आणला, उताणा केला आणि त्यावर तांदूळ ओतले. आत्यानं मूठ मिटली, भांड्यावर नेली आणि उघडली. तांदूळ दुधात पडले.

मग वल्लियम्मानं दुसरी मूठ घातली, आणि दोघी चुलीपाशी उकिडव्या बसून एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. का हसतायत ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“डबा आण,” आत्या मला म्हणाली.

झाकण घट्ट बसलं होतं. तिनं ते चुलीच्या दगडावर आपटून उघडलं. पहिला पेढा वल्लियम्माच्या तोंडात, दुसरा कुप्पायीच्या. तिसरा घेऊन ती कदिरपुढे उभी राहिली. आठवडाभर ती त्याला साहेब आणि तुम्ही म्हणत होती.

“आ कर,” ती म्हणाली. “आणि आता तरी शीक रे, कदिर. आई म्हणते. म्हणतो न्हाई.”

“म्हणते,” कदिर पेढा तोंडात असतानाच म्हणाला आणि ढसढसा रडला. मी त्याला तसं रडताना नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग आत्यानं चहा मागितला. काळा, बिनदुधाचा, वाफाळता. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, सगळा संपवला आणि पेला पुढे केला. “आणखी घाल,” ती म्हणाली. “कडू हाय, पण थंडीत बरा.” आणि मग, समोरच्या त्या हिरव्यागार डोंगरांकडे बघत, तिनं आपला निकाल दिला. “एक म्हैस न्हाई एवडं सोडलं तर घर चांगलं हाय.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी मुलगी आज मला विचारते, की तुझ्या लग्नात सगळ्यात भारी क्षण कुठला? लग्नातला नाही, मी तिला सांगते. लग्नाच्या आधीचा. आणि मुन्नारचाही नाही.

मुन्नारहून आल्यावर थोड्याच दिवसांत रथसप्तमी आली. आईनं तुळशीपुढे रांगोळी घातली, गोवऱ्या पेटवल्या, बोळक्यात दूध ठेवलं. शेजारच्या चार बायका जमल्या होत्या. भट्टीचं दार वाजलं. आत्या बाहेर आली, हात पुसत, पदर खोचून, आणि चालत थेट तुळशीपाशी आली. शेजारच्या काकूंनी आईकडे बघितलं. आईनं आत्याकडे बघितलं. मग आईनं आपला पाट अर्धा हात बाजूला सरकवला आणि दुसरा पाट ओढून मांडला.

आत्या बसली. तिनं गोवऱ्या हलवल्या, वाऱ्याची बाजू बघितली, एक फुंकर घातली. दूध वर आलं. या वेळी तिचा हात जागचा हलला नाही. साय काठावर आली, वाकली आणि सांडली, आणि साताऱ्याच्या आमच्या अंगणात, तुळशीपुढे, सगळ्या सवाष्णींच्या मधोमध, सगुणाआत्यानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली.

“पोंगलो पोंगल!”